हूक न लावलेलं औषध

औषध तयार व्हायच्या आधीच मी एकदा औषधाचे पेढे वाटले. बारशाचे वाटावेत तसे, अख्ख्या गल्लीत, दारोदार. त्यातले दोन पेढे मी अशा बाईच्या हातावर ठेवले, जिला शुगर होती, जिच्या पायाच्या बोटाला न भरणारी जखम होती, आणि जी त्या पेढ्यांनंतर माझ्या औषधाची वाट बघत बसली.

नात हे ऐकते आणि म्हणते, "आजी, तू एवढी बावळट होतीस?" मी म्हणते, नाही गो. बावळट माणसाला स्वतःबद्दल थोडी शंका तरी असते. मी हुशार होते. ते फार वाईट.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. रत्नागिरीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. यजमान बोटीवर, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. मुलगी शाळेत. आणि बरोबरीच्या बायका गुडघ्यांना तेल चोळायला लागल्या तेव्हा मला पीएचडी करायची हुक्की आली. कॉलेजातून रजा मिळाली, सासूबाईंनी मुलगी आणि घर दोन्ही पदरात घेतलं, आणि मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथली पोरं मला काकू म्हणायची. गाइड माझ्यापेक्षा वयाने लहान. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायची, आणि दोघांनाही ते थोडं अवघड जायचं.

निघताना नवे ब्लाउज शिवून दिले ते शेजारच्या चाचीने. मांडवीच्या आमच्या गल्लीत आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. चाचा आयुष्यभर जहाजावर होता, तो गेला. मुलगा कुवेतला. तो म्हणायचा, अम्मी, आता मशीन बंद कर, मी आहे ना. चाची म्हणायची, "तू हायस, पण मशीनसारखा रोज बोलत नायस." पायाने चालवायचं जुनं काळं मशीन, दाराजवळ, उजेडात. सकाळी तिची खटखट सुरू झाली की सासूबाई चहा ठेवायच्या. गल्लीतल्या यच्चयावत बायकांची मापं चाचीला पाठ होती, आणि कोणाचं किती वाढलं हे ती मोठ्याने सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात ती ओहोटीला खडकावर कालवं काढायला गेली होती. शिंपेने पायाला कापलं. अंगठ्याशेजारचं बोट. तिने हळद दाबली आणि विसरली. बोट विसरलं नाही. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला तेव्हा कळलं की आतले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. तिला एकच धास्ती होती. तो उजवा पाय. त्याच पायाने ती मशीन चालवायची.

आता मी पुण्यात काय करत होते ते सांगते. कंटाळा करू नका, आमच्या सासूबाईंनासुद्धा कळलं होतं.

काही जिवाणू शेजारच्या जिवाणूंना मारण्यासाठी एक बारीकशी साखळी बनवतात, पेप्टाइड म्हणतात तिला. सरळ असते तोवर ती कोणाचं काही बिघडवत नाही. मग एक एन्झाइम येतं. तेही त्याच जिवाणूच्या पोटातलं, कारागीर म्हणा ना. ते दोन कामं करतं. आधी साखळीतल्या ठरावीक मण्यांतून पाण्याचा एकेक रेणू काढून घेतं. मग त्या रिकाम्या जागांना साखळीतलेच गंधकाचे मणी ओढून आणून जोडतं. साखळीला वेटोळी पडतात. वेटोळी पडली की ते औषध, नाहीतर नुसती माळ. मी ते एन्झाइम जिवाणूतून बाहेर काढून काचेच्या नळीत कामाला लावत होते, आणि ते काम करतंय की नाही हे मास स्पेक्ट्रोमीटरवर बघत होते.

नाव भारदस्त, पण तो तराजूच. पोलादी पट्टीवर थेंब ठेवायचा आणि वाळू द्यायचा. खडकावर समुद्राचं पाणी वाळून मीठ राहतं तसा पांढरा डाग उरतो. त्यावर लेझरचा फटका बसला की रेणू उडतात आणि एका रिकाम्या नळीतून धावत सुटतात. हलके आधी पोचतात, जड मागाहून. त्यावरून वजन. पाण्याचा एक रेणू जरी कमी झाला तरी पडद्यावरचा सुळका डावीकडे सरकतो. मी तासन् तास त्या सुळक्यांकडे बघत बसायची. कितीतरी महिने ते सुळके जागचे हलले नाहीत. एन्झाइम माझ्या नळीत नुसतं बसून राहायचं, यजमान सुट्टीवर आले की बसतात तसं.

आणि एका शुक्रवारी ते हललं. साखळीतून जेवढं पाणी निघायला हवं होतं तेवढं सगळं निघालं होतं. सुळका नेमका हव्या त्या जागी. मी खुर्चीतून उठले आणि शेजारच्या पोराच्या पाठीत धपाटा घातला.

सर आले. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "छान. गंधकाची चाचणी केलीत?"

ही चाचणी म्हणजे अशी. मोकळं गंधक दिसलं की त्याला जाऊन चिकटणारं एक रसायन असतं. ते घालायचं आणि पुन्हा वजन करायचं. वजन वाढलं तर गंधक अजून मोकळंच आहे. नाही वाढलं तर ते साखळीत गुंतलंय, वेटोळी पडलीत.

"सोमवारी करते, सर," मी म्हटलं. "माझी एसटी आहे."

खरं सांगायचं तर माझ्यातल्या शहाणीला ती चाचणी अपमानास्पद वाटली होती. एवढं सुंदर वजन आल्यावर आणखी पुरावा कसला मागता? शिवाय तो सुळक्यांचा कागद पर्समध्ये घालून रत्नागिरीत मिरवायची घाई झाली होती. तिथला मिठाईवाला दुसऱ्या दिवशी खूश झाला असेल.

घरी सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"औषध झालं म्हणतेस, मग बाटली कुठाय?"

"अहो आई, बाटली नसते. ग्राफ असतो."

"ग्राफ. बरं," त्या म्हणाल्या आणि एक पेढा देवापुढे ठेवला. त्यांचा देवावर विश्वास होता, ग्राफवर तितकासा नव्हता.

चाचीचं मशीन चालू होतं. पायाला पांढरी पट्टी, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी. मला डबा घेऊन आलेली बघून तिने पाय थांबवला.

"काय गो बाय, पेढे? या वयात पोटुशी नायस ना?"

"काहीतरीच काय चाची! औषध झालं माझं. जुन्या औषधांना जे जंतू जुमानत नाहीत त्यांना मारणारं."

ती पट्टीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलंन.

"माझ्या बोटातल्यासारके?"

इथे एखाद्या बऱ्या बाईने सांगितलं असतं की चाची, नळीतून बाटलीत यायला वर्षं लागतात, आणि बहुतेक औषधं येतच नाहीत. मी म्हटलं, "तसलेच."

"डाक्टर बोट काढू म्हणतो. बुधवारी बोलवलान हाय. मंग थांबू काय मी?"

आणि मी, रसायनशास्त्राची प्राध्यापिका, हातात पेढ्यांचा डबा, म्हणाले, "थोडं थांबायला काय हरकत आहे?"

तिने एक पेढा खाल्ला. मग आणखी एक उचलला. मी हलकेच शुगरची आठवण केली, तर म्हणाली, "औषधाचा पेढा हाय, त्याने कशी शुगर वाढंल?" मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

सोमवारी मी ऐटीत प्रयोगशाळेत गेले. एका बशीत जिवाणू पसरले आणि मधोमध माझ्या औषधाचा थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंबाखाली स्वच्छ गोल दिसायला हवा होता, मेलेल्या जिवाणूंची मोकळी जागा. बशीत साय धरल्यासारखे जिवाणू पसरले होते आणि माझ्या थेंबाखाली तर जरा जास्तच सुखात होते. मग गंधकाची चाचणी केली. त्याचं उत्तर बुधवारी दुपारी आलं. वजन वाढलं. थोडंथोडकं नाही, जितके गंधकाचे मणी होते तितके रेणू चिकटल्याएवढं वाढलं. एकही मणी गुंतला नव्हता. एन्झाइमने पाणी काढलं होतं आणि दुसरं काम तसंच टाकून दिलं होतं. वेटोळं पडल्याने साखळीचं वजन बदलत नाही, हे मी स्वतः वर्गात शिकवलं असतं. मग पहिल्या वजनावर वेटोळी पडली की नाही हे कळणार कसं होतं?

"अर्धं काम झालंय, मॅडम," सर म्हणाले. भला माणूस. मला त्या वेळी शिव्या हव्या होत्या.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवरून घरी फोन लावला. मुलीची चौकशी झाली, आंब्याची झाली. मग सासूबाई म्हणाल्या, "चाची गेली नाही हो आज डॉक्टरकडे. नको म्हणून कळवलंन. पाय घोट्यापर्यंत लाल झालाय तिचा. मी विचारलं तर म्हणते, बायचं औषध येतंय." मग विचारलं, "येतंय ना?"

बूथवाल्याचं मीटर पळत होतं. मी त्याचे लाल आकडे मोजत राहिले.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मग औषध राहू दे. तू ये."

सकाळची पहिली एसटी धरली. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. सगळी वाक्यं 'प्राथमिक निष्कर्षानुसार' अशीच सुरू होत होती. घाट उतरताना एक बरं वाक्य जमलं, पण ते उलटीबरोबर गेलं.

चाची दारात खुर्चीवर बसली होती. पाय स्टुलावर, पिशवीतून वर आलेली लाली मला उंबऱ्यातूनच दिसली. मशीनला हात नव्हता. मांडीवर ब्लाउज घेऊन ती हूक लावत होती. ब्लाउज माझाच, लिंबू रंगाचा.

"आलीस? आणलास औषध?"

"चाची, औषध नाहीये."

"संपला?"

"झालंच नव्हतं."

तिने दोरा दाताने तोडला. "मंग पेढे कसले होते गो?"

प्राथमिक निष्कर्ष घाटातच राहिले होते. मी खाली बसले आणि तिच्या मांडीवरचा ब्लाउज उचलला. "हा तराजूत टाकला, हूक लावून. मग पुन्हा टाकला, हूक सोडून. वजनात फरक पडेल?"

"येडी काय गो? फरक कसा पडंल?"

"मी नुसतं वजन केलं, चाची. हूक लागलेत की नाही ते बघितलंच नाही. बघायची रीत होती. एकेका हुकाला काहीतरी अडकवून बघायचं. अडकलं तर हूक मोकळा. मला सांगितलंही होतं. मी एसटी पकडली."

तिने ब्लाउजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे हूक न लावता गल्लीभर फिरून आलीस तू."

"हो."

ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. आतून सासूबाईंचा आवाज आला, काय झालं म्हणून. मग हसू थांबलं, आणि ती पायाकडे बघत राहिली. मी मान खाली घातली, तर समोर मशीनचं पायटं. इतक्या वर्षांच्या पायाने मधोमध गुळगुळीत झालेलं.

"तुझ्या भरवशावर बसले मी," ती हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग म्हणाली, "बोट गेलं तर मशीन चालंल काय?"

"मला माहीत नाही, चाची."

त्या आठवड्यात मी उच्चारलेलं पहिलं शास्त्रीय वाक्य ते.

"चल," ती म्हणाली. "रिक्षा बोलव. आणि तुझ्या सासूला पन घे, तू एकटी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बोट काढलं. बाहेर बाकावर मी आणि सासूबाई. मधेच त्यांनी पिशवीतून केळं काढून, सोलून, माझ्या हातात दिलं, लहान मुलीला देतात तसं. मी ते खाल्लं आणि रडले. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, पाय वाचलाय, बोटावर भागलं. "आणखी चार दिवस थांबल्या असत्या तर…" आणि त्यांना कोणीतरी हाक मारली. ते वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. मी ते अजून अधूनमधून पुरं करून बघते, आणि पुरं होऊ देत नाही.

मी सरांना कळवलं की थोडे दिवस येणार नाही. जखम भरेपर्यंत चाचीला पायटं दाबायची मनाई होती, आणि गल्लीत एका लग्नाचे ब्लाउज अडकले होते. मी म्हटलं, मी चालवते. बसले खुर्चीवर, दाबलं पायटं, तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. पुन्हा दाबलं, पुन्हा तुटला. शेवटी तोडगा निघाला तो असा. चाची खुर्चीवर, दुखरा पाय बाजूला स्टुलावर, हात कापडावर. मी खाली जमिनीवर मांडी घालून, दोन्ही हातांनी पायटं दाबत.

"हळू गो. टाका लांब पडतोय."

"हे असं?"

"आता झोपलीस काय? चालव!"

घामाने माझं कुंकू नाकावर यायचं. वर कापड सरकत असायचं, आणि मला खालून फक्त चाचीचे हात दिसायचे. जून, सुरकुतलेले, पण शिवणीवर जराही न थरथरणारे. एकदा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पीएचडी म्हणतात ती हीच का?" त्या म्हणाल्या. चाची म्हणाली, "हिचा गाइड मी हाय सध्या. नापास करनार हाय हिला."

पट्टी निघाल्यावर ती स्वतः बसली. आधी टाच टेकवून बघितली, मग चवडा. तोल जरा वेगळा पडत होता. बाहेरच्या बाजूला जोर द्यावा लागत होता. खट. थांबली. खट, खट. मी खाली बसलेली, हात पायट्याजवळ, लागले तर असावेत म्हणून. तिने माझ्या हातावर हलकेच पाय ठेवला. "काढ हात," म्हणाली. मी काढला. मशीन चाललं.

मग मी पुण्याला गेले.

दोष माझाच निघाला, याचं कोणालाही आश्चर्य वाटू नये. एन्झाइमला वेटोळी पाडायला जस्त लागतं, अगदी कणभर. आणि मी ते एन्झाइम शुद्ध करताना, नासू नये म्हणून, एक असं रसायन घालत होते जे धातू शोषून घेतं. कोणी सांगितलं नव्हतं तरी जास्तच घालत होते, पाहुणे आले की आमटीत मीठ पडतं तसं. ते रसायन सोडून दिलं, चिमूटभर जस्त परत दिलं, आणि एन्झाइमने दोन्ही कामं मुकाट्याने केली. या वेळी मी आधी गंधकाची चाचणी केली. वजन तसूभर वाढलं नाही. तरीही पुन्हा केली. मग बशीत थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी साईसारख्या थरात, मधोमध, एक स्वच्छ गोल. आत काहीही नाही. मी त्या गोलाकडे पाहून रडले, आणि पोरांनी काकूंना खुर्ची दिली.

ते औषध पुढे कुठल्याही दुकानात आलं नाही. माझ्या प्रबंधात आहे, निवांत. तसं असतंच.

त्या बशीचा फोटो काढून घेतला आणि रत्नागिरीला आले. मिठाईवाल्याच्या दुकानावरून जाताना पाय अडखळले, पण थांबले नाही. पुढच्या गाडीवरून भाजलेल्या फुटाण्यांची पुडी घेतली. शुगरवालीला चालतात. चाची मशीनवर होती. फोटो तिच्या हातात दिला, पुडी शेजारी ठेवली. तिने फोटो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला, त्या मोकळ्या गोलावर बोट फिरवलंन. मग पुडी उघडून बघितली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली,

"या टायमाला हूक लावलेस ना सगले? मंग फुटाने कसले देतेस गो, पेढा आन. नव बोटं शिल्लक हायत माजी."